व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया रक्तात किती दिसतो?

प्रश्न असा आला आहे: "तालुक्याच्या गावी सहा खाटांचा आयसीयू सांभाळतो. ४६ वर्षांचा शेतकरी, फवारणीचं औषध प्यायलेला, आज व्हेंटिलेटरवर सहावा दिवस. कालपासून १०१ ताप, काउंट १६,५००, एक्स-रेत उजवीकडे खाली शॅडो वाटते. सीआरपी १४८. आमच्या लॅबने नुकतंच प्रोकॅल्सिटोनिन सुरू केलंय, ते १.९ आलं. नातेवाईक विचारतात, रिपोर्ट एवढे वाढलेत म्हणजे न्यूमोनियाच ना? मेरोपेनेम आणि कोलिस्टिन ही जड अँटिबायोटिक्स चढवू का? रक्तावरून नक्की निदान होतं का?"

डॉक्टर, आधी थेट उत्तर देतो, कारण तुम्हाला आज रात्रीच काहीतरी ठरवायचं आहे. रक्तावरून हे निदान नक्की होत नाही. तुमच्या रुग्णाला न्यूमोनिया असेलही, मला तर तो असण्याची शक्यता बरीच वाटते, पण ती त्या १.९ मुळे वाटत नाही. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन हे शरीरात सूज किंवा संसर्ग असताना रक्तात वाढणारे पदार्थ, एवढंच. प्रोकॅल्सिटोनिन ०.३ आलं असतं तरी न्यूमोनिया नाही असं मी म्हणालो नसतो. अँटिबायोटिक सुरू करायच्या वेळी ही तपासणी फार थोडी मदत करते, आणि थांबवायच्या वेळी खूप करते. एवढंच समजायला मला काही वर्षं लागली आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रोकॅल्सिटोनिन मी काम करत होतो तिथे नवीन आलं तेव्हाची गोष्ट. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेला १९ वर्षांचा मुलगा, व्हेंटिलेटरवर आठवा दिवस. ताप होता, पण डोक्याच्या मारात ताप येतोच असं आम्ही धरून चाललो होतो. प्रोकॅल्सिटोनिन ०.४ आलं. राऊंडला मी सांगून टाकलं, इन्फेक्शन नाही, चालू आहे तेच चालू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीच्या सिस्टरने मला खाटेपाशी थांबवलं आणि सक्शनचा कॅथेटर खिडकीच्या उजेडात धरला. "सर, परवापर्यंत पांढरं, पातळ यायचं. काल रात्री चार वेळा सक्शन केलं, चारही वेळा हे असं." कॅथेटरच्या आत पिवळट-हिरवा, तार सुटणारा चिकट स्राव भरलेला होता. एफआयओटू, म्हणजे व्हेंटिलेटरच्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, रात्रीत ४० वरून ५५ टक्क्यांवर गेलं होतं, तेही चार्टवर बोट ठेवून तिनेच दाखवलं. मी रिपोर्टवर भरवसा ठेवून आणखी एक दिवस थांबलो. तिसऱ्या दिवशी ब्लड प्रेशर पडलं. कल्चरमध्ये, म्हणजे स्रावातले जंतू लॅबमध्ये वाढवून पाहिल्यावर, स्यूडोमोनास हा जंतू आला. मुलगा वाचला, पण ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छिद्र) करावी लागली आणि त्याचा मुक्काम तीन आठवड्यांनी लांबला. सिस्टरने डोळ्यांनी पाहिलेलं बरोबर होतं. ०.४ हा आकडाही बरोबर होता. मी त्या आकड्याला जो प्रश्न विचारला, त्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच.

असं का होतं, हे कळायला सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन या दोन पदार्थांचं मूळ बघावं लागतं.

सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना लागला, आणि तोही न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात. न्यूमोकॉकस या जंतूच्या पेशीभित्तिकेतल्या 'सी' नावाच्या शर्करेला चिकटणारं प्रथिन, म्हणून सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. पण थोड्याच काळात कळून चुकलं की ते न्यूमोनियापुरतं नाही. ताप, जखम, शस्त्रक्रिया, स्वादुपिंडाचा दाह, हृदयविकाराचा झटका, काहीही झालं तरी इंटरल्यूकिन-६ या सूज कळवणाऱ्या प्रथिनाचा इशारा यकृताला मिळतो आणि यकृत सीआरपी ओतू लागतं. काही तासांत ते चढायला लागतं आणि दीड-दोन दिवसांत शिखरावर पोचतं. रक्तातून ते निघून जायचा वेग मात्र जवळजवळ ठरलेला आहे, अर्धं व्हायला सुमारे १९ तास. त्यामुळे रक्तातली पातळी म्हणजे यकृत आत्ता किती तयार करतंय याचाच आरसा. यकृत थकलेलं असेल तर आरसा अंधूक. कोविडच्या दुसऱ्या लाटेत टोसिलिझुमॅब दिलेल्या रुग्णांत हे आम्ही फार जवळून पाहिलं. त्या औषधाने इंटरल्यूकिन-६ चा रस्ताच बंद होतो, सीआरपी २ किंवा ३ दिसतं, घरच्यांना आपण सांगतो की सूज उतरली, आणि इकडे ट्यूबमधून क्लेब्सिएल्ला हा जंतू वाढत असतो.

प्रोकॅल्सिटोनिन हे थायरॉईडच्या कॅल्सिटोनिन या हार्मोनचं कच्चं रूप, ११६ अमिनो आम्लांची साखळी. निरोगी माणसाच्या रक्तात ते जेमतेम सापडतं. गंभीर जिवाणूसंसर्गात मात्र थायरॉईडच नव्हे, यकृत, फुप्फुस, चरबी अशा कितीतरी अवयवांतल्या पेशी ते तयार करू लागतात. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ही गोष्ट लॅन्सेटमध्ये मांडली आणि मग त्याच्याकडून अपेक्षा खूप वाढल्या. त्यातला चांगला भाग खरा आहे. ते सीआरपीपेक्षा लवकर चढतं, तीन-चार तासांत हलायला लागतं, आणि लवकर उतरतं, साधारण २४ तासांत अर्धं. विषाणूसंसर्गात इंटरफेरॉन-गॅमा त्याला दाबून ठेवतं, म्हणून ते फार वाढत नाही. बाहेरून ताप-खोकला घेऊन आलेल्या माणसात हे गुण कामाला येतात.

तुमच्यासमोरचा माणूस मात्र बाहेरून आलेला नाही. तो सहा दिवस आयसीयूत आहे. त्याच्या शरीरात सूज पेटवायला कारणं आधीपासूनच हजर आहेत. मोठी शस्त्रक्रिया, भाजणं, मोठा अपघात, हृदय बंद पडून पुन्हा सुरू होणं, कार्डिओजेनिक शॉक (हृदय कमजोर पडून बीपी कोसळणं), किडनी निकामी होणं, या सगळ्यांत जंतू नसतानाही प्रोकॅल्सिटोनिन वाढलेलं राहतं. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते. मलेरियात ते चांगलंच वाढतं, लेप्टो आणि स्क्रब टायफसमध्येही वाढतं. पावसाळ्यात कोकणातून लेप्टोचा रुग्ण व्हेंटिलेटरवर आला असेल, तर पाचव्या दिवशीचं ८ हे पहिल्या दिवशीच्या ४० चं उतरतं टोक आहे की नवा न्यूमोनिया, हे एकट्या ८ वरून कोण सांगणार?

याच्या उलट अडचणही आहे आणि माझ्या मते ती जास्त घातक. व्हेंटिलेटरवरचा न्यूमोनिया सुरुवातीला फुप्फुसाच्या एका कोपऱ्यात कोंडलेला असतो. जंतू तिथे, पू तिथे, पांढऱ्या पेशी तिथे. रक्तात त्याची वर्दी पोचायची तर संपूर्ण शरीराने तिची दखल घ्यावी लागते. त्यातून रुग्ण आधीपासून कुठल्या ना कुठल्या अँटिबायोटिकवर असतो, त्याने प्रतिसाद आणखी बोथट होतो. माझ्या त्या १९ वर्षांच्या मुलाचं ०.४ हे असं आलं होतं.

आकड्यांत सांगतो, कारण हे एकदा कागदावर मांडलं की मनातून जात नाही. अमेरिकेतल्या आयडीएसए आणि एटीएस या संस्थांनी २०१६ मध्ये रुग्णालयातल्या आणि व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रोकॅल्सिटोनिनची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडण्याचं प्रमाण) ६७ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना बरोबर वगळण्याचं प्रमाण) ८३ टक्के निघाली. समजा, तुमच्याकडे न्यूमोनियाचा संशय असलेले १०० रुग्ण आहेत आणि त्यातल्या ४० जणांना तो खरोखर आहे. त्या ४० पैकी २७ जणांत तपासणी पॉझिटिव्ह येईल, १३ सुटतील. उरलेल्या ६० पैकी ५० जणांत निगेटिव्ह येईल आणि १० जणांत उगाच पॉझिटिव्ह. आता निगेटिव्ह आलेल्यांची बेरीज करा: ६३. त्यातले १३ न्यूमोनियाचेच. म्हणजे "निगेटिव्ह आहे, काही नाही" असं म्हणून तुम्ही पाठ फिरवलेल्या दर पाच रुग्णांत एक जण न्यूमोनिया घेऊन पडून आहे. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या बाबतीत इतका धोका मी पत्करणार नाही. म्हणूनच त्या सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे रुग्णाच्या लक्षणांवरून आणि तपासणीवरून ठरवा, प्रोकॅल्सिटोनिन किंवा सीआरपी त्यात मिसळू नका.

आता तुमच्या रुग्णाकडे वळतो, कारण विषबाधेच्या रुग्णात लक्षणंसुद्धा फसवतात.

ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत पहिले दोन-तीन दिवस तोंडातून आणि ट्यूबमधून नुसता पूर येतो. तो न्यूमोनियाचा नसतो, विषाचा असतो. मग आपण ॲट्रोपिन हा उतारा देतो आणि स्राव आटतो, घट्ट होतो, खपल्यांसारखा निघतो. तो "घट्ट झाला" म्हणून सिस्टर कळवतात, आणि आपण न्यूमोनिया समजतो. ॲट्रोपिन जास्त झालं की घाम बंद होतो, अंग तापतं, नाडी १३० वर जाते. हा ताप जंतूचा नाही. उलटी होऊन किंवा पोट धुताना फवारणीच्या औषधातला तेलकट द्रव फुप्फुसात गेला असेल, तर दुसऱ्याच दिवशी उजव्या खालच्या भागात शॅडो येते, काउंट चढतात, सीआरपी शंभरीपार जातं. हा रासायनिक दाह. जंतू त्यात सुरुवातीला नसतातच, आणि प्रोकॅल्सिटोनिनने या दाहाला खऱ्या न्यूमोनियापासून वेगळं काढता येत नाही. तेव्हा तीन प्रश्नांची उत्तरं आज रात्री शोधा. शॅडो पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत होती का? ॲट्रोपिन ताशी किती चालू आहे, काख कोरडी आहे का, बाहुल्या किती मोठ्या आहेत, आतड्यांचा आवाज येतो का? आणि ताप यायच्या आधीच्या ४८ तासांत एफआयओटू आणि पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात ठेवलेला दाब) स्थिर होते, की कालपासून वाढवावे लागले?

तिसऱ्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. ऑक्सिजनची गरज दोन दिवस उतरत किंवा स्थिर होती आणि आता अचानक वाढली, स्रावाचा रंग आणि प्रमाण बदललं, नवी शॅडो आली, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर माझ्या दृष्टीने तो न्यूमोनिया आहे आणि मी सुरू करतो, प्रोकॅल्सिटोनिन काहीही असो. शॅडो जुनीच, गरज तीच आणि फक्त ताप व काउंट असतील, तर ॲट्रोपिन, सेंट्रल लाइन, लघवी, आयव्हीच्या जागची सुजलेली शीर, पार्श्वभागाची जखम हे सगळं आधी बघतो. पोर्टेबल सोनोग्राफी असेल तर फुप्फुसाच्या खालच्या भागावर लावा. आतून हवेचे ठिपके हलताना दिसणारं घट्ट झालेलं फुप्फुस आणि नुसतं पाणी, यांतला फरक खाटेवरच काढलेल्या धूसर एक्स-रेपेक्षा त्यात बरा कळतो.

सीआरपी मग अगदीच निरुपयोगी का? नाही, आणि इथे मी माझ्या काही सहकाऱ्यांपेक्षा वेगळं म्हणतो. एकटा आकडा बिनकामाचा, पण रोजची रेघ बोलते. पोर्तुगालच्या पेद्रो पोव्होआ यांनी ही गोष्ट वर्षानुवर्षं लावून धरली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बायोव्हॅप या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचं रक्त रोज तपासलं गेलं. त्यात न्यूमोनियाचं निदान होण्याच्या आधीच्या दिवसांत सीआरपीची रेघ वर वळत असल्याचं दिसलं, तर प्रोकॅल्सिटोनिनची रेघ तितकी कामाची निघाली नाही. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर सीआरपी दोन-तीन दिवस चढून उतरायला लागतं. उतरता उतरता पाचव्या दिवशी पुन्हा वर वळलं, तर शरीरात काहीतरी नवं घडलंय, एवढं ते प्रामाणिकपणे सांगतं. काय घडलंय, कुठे घडलंय, हे सांगत नाही. शोधायला लावणं एवढंच त्याचं काम. तुमच्याकडचं १४८ हे आदल्या तीन दिवसांच्या ६०, ५२, ७० नंतर आलं असेल तर त्याला अर्थ आहे. विषबाधेच्या दुसऱ्या दिवसापासूनच १५० च्या आसपास घुटमळत असेल तर नाही.

एक बारीकशी गोष्ट, पण मी तिने दोनदा फसलेले डॉक्टर पाहिलेत. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये. दोन्हींत दहापटीचा फरक. रुग्ण एका गावाहून दुसऱ्या गावी हलवला की कालचं १४ आणि आजचं १४० एकच असू शकतं. रेघ काढायची तर एकाच लॅबची, एकाच एककातली काढा.

नवी नवी मार्कर येत राहतात. प्रेसेप्सिन, मिडरीजनल प्रो-ॲड्रिनोमेड्युलिन वगैरे नावं तुम्हाला परिषदांत ऐकू येतील. या न्यूमोनियाच्या निदानासाठी त्यांपैकी एकावरही मी आज रुग्णाच्या घरच्यांना पैसे खर्च करायला लावणार नाही. एस-ट्रेम-१ ची कथा लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००४ मध्ये जिबो आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दाखवलं की फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात हे प्रथिन सापडलं तर न्यूमोनिया ९८ टक्के सेन्सिटिव्हिटीने ओळखता येतो, स्पेसिफिसिटी ९० टक्के. आम्ही सगळे हरखलो होतो. मग इतरांनी तीच तपासणी आपापल्या आयसीयूत करून पाहिली आणि २०१६ च्या त्याच सूचनांपर्यंत येता येता एकत्रित स्पेसिफिसिटी ४९ टक्क्यांवर आली. नाणं उडवण्याइतकी.

दुसरी कथा ब्रिटनची, आणि ती मला जास्त शिकवून गेली. फुप्फुस धुतलेल्या द्रवातलं इंटरल्यूकिन-१ बीटा आणि इंटरल्यूकिन-८ दोन्ही कमी असतील तर न्यूमोनिया जवळजवळ नाहीच, हे तिथल्या संशोधकांनी चांगलं सिद्ध केलं होतं. मग २४ आयसीयूंत २१० रुग्णांवर चाचणी घेतली: "न्यूमोनिया नाही" असा निकाल डॉक्टरांच्या हातात दिला, तर अँटिबायोटिक कमी होतात का? झाली नाहीत. निकाल हातात असूनही बऱ्याच डॉक्टरांनी औषध बंद केलं नाही. तपासणी चांगली असणं एक, आणि रात्री दोन वाजता तिच्या भरवशावर सलाईनमधलं अँटिबायोटिक काढून टाकण्याची हिंमत होणं दुसरं. तुम्ही प्रोकॅल्सिटोनिन मागवण्याआधी स्वतःला विचारा, कमी आलं तर मी थांबेन का? उत्तर "नाही" असेल तर ते दोन-तीन हजार रुपये त्या घराला औषधासाठी ठेवू द्या.

आकडा वाढला म्हणून औषध वाढवणं, हा तुमच्या प्रश्नातला खरा मोह. तोही तपासून झालेला आहे. डेन्मार्कमध्ये १,२०० रुग्णांवर पास नावाची चाचणी झाली, २०११ मध्ये तिचा निष्कर्ष आला. प्रोकॅल्सिटोनिन पुरेसं उतरलं नाही की डॉक्टर अँटिबायोटिक वाढवायचे आणि आणखी तपासण्या करायचे. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट त्या गटात किडन्यांना जास्त त्रास झाला, व्हेंटिलेटरवरचे दिवस वाढले, आयसीयूतला मुक्काम लांबला. आकड्यामागे धावत जाऊन कोलिस्टिन चढवायच्या आधी हे आठवा. कोलिस्टिन किडनीला किती छळतं हे तुम्ही पाहिलं असेलच. आपल्या आयसीयूंत ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएल्ला हे जंतू कार्बापेनेमला (मेरोपेनेमच्या गटाला) दाद देत नाहीत असं वारंवार दिसतं, म्हणून कधी कधी सुरुवातीलाच त्याचा विचार करावा लागतो, हे मला मान्य आहे. पण तो विचार तुमच्या आयसीयूत गेल्या वर्षभरात काय उगवलं त्यावरून आणि रुग्ण शॉकमध्ये आहे की नाही त्यावरून करायचा. तुमच्या रुग्णाचं ब्लड प्रेशर तुम्ही लिहिलेलं नाही. ते पडत असेल, ते टिकवायला नॉरॲड्रिनॅलिन लागत असेल, तर नमुने घ्या आणि तासाभरात सर्वात व्यापक औषध सुरू करा, तिथे थांबण्याचा प्रश्नच नाही. ब्लड प्रेशर ठणठणीत असेल तर तुमच्याकडच्या जंतूंना लागू पडणारं, स्यूडोमोनासवर चालणारं एक अँटिबायोटिक घेऊन सुरू करा आणि कल्चरची वाट पाहा.

कल्चर मात्र औषधाच्या पहिल्या डोसच्या आधी. ट्यूबमधून म्यूकस ट्रॅपमध्ये स्राव ओढून घ्या, तोंडातली लाळ नको. लॅबमध्ये ग्रॅम स्टेनखाली तोंडाच्या पेशीच पेशी दिसल्या तर तो नमुना फेकून दुसरा मागवा. तालुक्याहून जिल्ह्याच्या लॅबला जायला दोन तासांपेक्षा जास्त लागणार असतील तर स्रावाचा नमुना फ्रीजमध्ये ठेवून बर्फावर पाठवा. ब्लड कल्चरच्या बाटल्या मात्र चुकूनही फ्रीजमध्ये ठेवू नका. आणि कल्चरमध्ये काहीतरी उगवलं म्हणजे न्यूमोनिया झालाच असं समजू नका. सहा दिवसांच्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर बसलेलाच असतो. याउलट गेल्या ७२ तासांत नवं अँटिबायोटिक सुरू केलेलं नसताना चांगल्या नमुन्यात काहीच उगवलं नाही, तर मी मोठ्या खात्रीने म्हणतो की हा न्यूमोनिया नाही, आणि औषध थांबवतो. मला रक्तातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा ही निगेटिव्ह कल्चर जास्त बळ देते.

आता प्रोकॅल्सिटोनिनच्या खऱ्या जागेकडे येतो. औषध सुरू केलं त्या दिवसाचं १.९ तुम्ही लिहून ठेवा. ते निदानासाठी नाही, पुढे मोजायला पाया म्हणून. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा बघा. ते ०.५ च्या खाली आलं किंवा शिखरापासून ८० टक्क्यांनी उतरलं, आणि रुग्णही सुधारतोय, तर अँटिबायोटिक बंद करायला तुमच्या हाताला आधार मिळतो. हाच नियम नेदरलँड्समधल्या सॅप्स चाचणीत १,५०० हून जास्त रुग्णांवर वापरला गेला. अँटिबायोटिकचे दिवस मध्यकाने ७ वरून ५ वर आले आणि २८ दिवसांतले मृत्यू वाढणं दूरच, २५ टक्क्यांऐवजी २० टक्के झाले. खास व्हेंटिलेटरवरच्या न्यूमोनियासाठी २००९ मध्ये स्टोल्झ आणि सहकाऱ्यांनी १०१ रुग्णांवर पाहिलं होतं, तिथेही अँटिबायोटिकविना जगलेले दिवस ९.५ वरून १३ वर गेले. अगदी अलीकडे, २०२४ च्या डिसेंबरात, ब्रिटनमधल्या ४१ आयसीयूंतल्या २,७६० सेप्सिसच्या रुग्णांची अडॅप्ट-सेप्सिस ही चाचणी आली. रोजच्या प्रोकॅल्सिटोनिनने औषधाचे दिवस १०.७ वरून ९.८ वर आले, मृत्यू वाढले नाहीत. त्याच चाचणीत सीआरपीने मात्र काही फरक पडला नाही. एक दिवसाचा फरक तुम्हाला छोटा वाटेल. सहा खाटांच्या आयसीयूत वर्षभरात हे दिवस किती होतात आणि त्या दिवसांत खोलीतल्या जंतूंवर किती दबाव कमी पडतो, याचा हिशेब करून बघा.

आणि तरीही, तपासणी परवडत नसेल तर रुग्णाचं काही बिघडत नाही, हे मी तुम्हाला आवर्जून सांगतो. फ्रान्समध्ये २००३ मध्येच डॉ. जाँ शास्त्र (Chastre) आणि सहकाऱ्यांनी ४०१ रुग्णांत ८ दिवस आणि १५ दिवस असे दोन गट करून दाखवलं होतं की बहुतेकांना ८ दिवस पुरतात. २०२४ मध्ये नेपाळ, थायलंड आणि सिंगापूरमधल्या आयसीयूंत ४६१ रुग्णांवर रिगार्ड-व्हॅप ही चाचणी झाली. आपल्यासारखेच जंतू, नेपाळात तर आपल्यासारखीच रुग्णालयं. तिथे निकष अगदी साधा होता: ४८ तास ताप नाही आणि ब्लड प्रेशर स्थिर, की औषध बंद, जास्तीत जास्त सात दिवस. या गटात मध्यक ६ दिवस, नेहमीच्या उपचाराच्या गटात १४. मृत्यू आणि न्यूमोनिया उलटण्याचं प्रमाण मिळून पाहिलं तर कमी दिवसांचा गट मागे पडला नाही. एकाही रुग्णाचं प्रोकॅल्सिटोनिन बघावं लागलं नाही. थर्मामीटर आणि बीपीचा कफ तुमच्याकडे आहेच.

नातेवाईकांना काय सांगायचं, हाही तुमच्यापुढचा प्रश्न आहे. "रिपोर्ट वाढलेत म्हणजे न्यूमोनिया" असं सांगू नका, कारण उद्या रिपोर्ट उतरला की ते डिस्चार्ज कधी विचारतील आणि परवा चढला की तुमच्यावरचा विश्वास जाईल. मी साधारण असं सांगतो: "दादांच्या शरीरात सूज आहे हे रक्तात दिसतंय. ती विषामुळे असू शकते, फुप्फुसातल्या जंतूंमुळेही असू शकते. छातीतून घेतलेला नमुना लॅबला पाठवलाय, दोन-तीन दिवसांत कळेल. तोवर थांबणं धोक्याचं आहे म्हणून औषध सुरू केलंय. नमुन्यात काही निघालं नाही तर मी ते बंद करणार आहे, तेव्हा घाबरू नका." शेवटचं वाक्य पहिल्याच दिवशी बोलून ठेवलं की तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक काढताना कोणी "पैसे संपले म्हणून बंद केलं का?" असं विचारत नाही.

कल्चरमध्ये काय उगवतं ते कळवा, औषध कसं आणि किती लवकर कमी करायचं ते त्यावर बोलू. तोवर आज रात्री एकदा स्वतः खाटेपाशी जा. डोक्याकडची बाजू ३० अंश तरी वर आहे का, ट्यूबच्या कफचं (श्वासनळीत ट्यूबभोवती फुगवलेल्या फुग्याचं) प्रेशर २० ते ३० सेंटिमीटर पाण्याच्या दरम्यान आहे का ते बघा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरना विचारा, कालपासून सक्शनमध्ये काय बदललंय.